दाताच्या दवाखान्यात डिजिटल यंत्रे: डॉक्टर कोणता हिशेब करतात आणि रुग्णाने काय विचारावे

दाताला कॅप बसवायची ठरली की हल्ली बरेच रुग्ण विचारतात, "डॉक्टर, तुमच्याकडे स्कॅनर आहे का? की अजून तो लगदाच तोंडात घालून माप घेता?" प्रश्न रास्त आहे. बहुतेक आरोग्य विम्यांत दातांचे नेहमीचे उपचार येत नाहीत. खर्च घरच्या पैशातून होतो आणि बसवलेली कॅप पुढची अनेक वर्षे वापरायची असते.

मात्र या प्रश्नामागे एक समज दडलेला असतो: यंत्रे असलेला दवाखाना चांगला आणि नसलेला जुनाट. हा समज पूर्ण खरा नाही. कोणते यंत्र घ्यायचे, ते आपल्या दवाखान्याला झेपेल का आणि आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांना त्याचा उपयोग होईल का, याचा प्रत्येक दंतवैद्याला विचार करावा लागतो. त्या विचाराचा परिणाम तुमच्या खर्चावर, तुमच्या फेऱ्यांवर आणि कधी कधी तुमच्या दातावरही होतो. म्हणून हा हिशेब रुग्णालाही समजलेला बरा.

डिजिटल दंतोपचार म्हणजे काय?

हे एका यंत्राचे नाव नाही. वेगवेगळी कामे करणारी यंत्रे या एकाच शब्दाखाली येतात.

- डिजिटल एक्स-रे: फिल्मऐवजी तोंडात छोटा सेन्सर ठेवतात. चित्र लगेच पडद्यावर दिसते आणि फिल्मपेक्षा कमी किरण लागतात. अनेक दवाखान्यांत याला आरव्हीजी म्हणतात.
- सीबीसीटी: जबड्याचे हाड, दातांची मुळे आणि नसा तिन्ही मितींत दाखवणारा एक्स-रे स्कॅन. इम्प्लांट, अडकलेली अक्कलदाढ अशा कामांसाठी याची गरज पडू शकते.
- तोंडातला स्कॅनर: जाड टॉर्चसारखे दिसणारे उपकरण. ते दातांवर प्रकाश टाकते, सेकंदाला अनेक चित्रे घेते आणि ती जोडून पडद्यावर दातांची प्रतिकृती उभी करते. यात एक्स-रे नसतात.
- कॅड-कॅम: संगणकावर कॅपचा आराखडा करणे आणि मिलिंग यंत्राने ठोकळ्यातून ती कोरून काढणे.
- थ्रीडी प्रिंटर: दातांची मॉडेल, इम्प्लांटसाठीचे मार्गदर्शक साचे, अलाइनर बनवण्यासाठी लागणारे साचे वगैरे तयार करण्यासाठी.

जाहिरातीत कधी "डिजिटल रूट कॅनल" असेही लिहिलेले असते. त्याचा अर्थ सहसा डिजिटल एक्स-रे, मुळाची लांबी विजेच्या साहाय्याने मोजणारे उपकरण आणि मोटरवर फिरणाऱ्या फाइल एवढाच असतो. ही साधने उपयोगी आहेत आणि अनेक साध्या दवाखान्यांतही असतात. तोंडातल्या स्कॅनरचा रूट कॅनलशी थेट संबंध नाही. त्याचे काम त्यानंतरच्या कॅपपासून सुरू होते.

कॅप बनते कशी: जुनी वाट आणि नवी वाट

जुन्या पद्धतीत डॉक्टर दात घासून आकार देतात आणि ट्रेमध्ये रबरासारखा मसाला भरून माप घेतात. मसाला घट्ट व्हायला काही मिनिटे लागतात. हे माप लॅबमध्ये जाते, त्यात विशिष्ट प्लास्टर ओतून मॉडेल बनते आणि त्या मॉडेलवर कॅप तयार होते. तोवर दातावर तात्पुरती कॅप असते. पाच-सात दिवसांनी तुम्ही पुन्हा येता आणि कॅप बसते.

नव्या पद्धतीत दात घासण्याचे काम तसेच राहते. फरक त्यानंतर पडतो. मसाल्याऐवजी स्कॅनर फिरवतात आणि फाइल इंटरनेटवरून लॅबला जाते. दवाखान्यातच मिलिंग यंत्र आणि भट्टी असेल तर कॅप त्याच दिवशी बसू शकते.

एक गोष्ट बऱ्याच रुग्णांना ठाऊक नसते. झिरकोनियाची कॅप तुम्ही कोणत्याही दवाखान्यात बसवली तरी ती लॅबमध्ये संगणकाच्या मदतीनेच बनते. लॅबमध्ये झिरकोनियाच्या खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून कॅप कोरतात. ती मुद्दाम सुमारे 20 ते 25 टक्के मोठी कोरलेली असते. मग साधारण 1500 अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत ती आकसते, घट्ट होते आणि नेमक्या मापाची बनते. हे गणित हाताने जमणारे नाही. म्हणजे डॉक्टरांनी मसाल्याने माप घेतले असले तरी लॅब त्या मापाचे किंवा मॉडेलचे स्कॅन करते आणि पुढचे सगळे डिजिटलच होते. मेटल-सिरॅमिक कॅपच्या आतला धातूचा सांगाडादेखील अनेक लॅबमध्ये आता धातूची भुकटी लेझरने वितळवून तयार करतात.

त्यामुळे "तुमच्याकडे डिजिटल आहे का?" या प्रश्नाचा खरा अर्थ बहुतेक वेळा "तुमच्या दवाखान्यात साखळीचा किती भाग डिजिटल आहे?" एवढाच उरतो.

हे तंत्र अगदी कालपरवाचेही नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिच विद्यापीठातील दंतवैद्य वेर्नर म्यॉरमान आणि अभियंता मार्को ब्रांदेस्तिनी यांनी विकसित केलेल्या यंत्राने 1985 मध्येच रुग्णाच्या दातात एका बैठकीत सिरॅमिकचे काम बसवले होते. चाळीस वर्षे उलटूनही ते प्रत्येक दवाखान्यात नाही, याला कारणे आहेत. ती तीन हिशेबांत मांडता येतात.

पहिला हिशेब: आपल्या रुग्णांना उपयोग किती?

यंत्र घेण्याआधी डॉक्टरने पाहायची पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे कोणते रुग्ण येतात.

स्कॅनरचा चांगला उपयोग पुढील ठिकाणी होतो.

एक-दोन दातांच्या कॅप आणि लहान ब्रिज. इथे स्कॅनरने घेतलेले माप चांगल्या रबरी मापाच्या तोडीचे येते. मसाला ताणला जाणे, त्यात हवेचा फुगा राहणे, प्लास्टर ओतताना चूक होणे, हे धोके टळतात. काही चुकले तर पडद्यावर लगेच दिसते आणि तेवढाच भाग पुन्हा स्कॅन करता येतो.

ट्रे तोंडात घातला की उमासे येणारे रुग्ण. त्यांच्यासाठी स्कॅनर मोठा दिलासा असतो, कारण मध्येच थांबता येते.

अलाइनर आणि दात सरळ करण्याचे उपचार. दातांची स्थिती काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून आधीच्या स्थितीशी ताडून पाहता येते.

इम्प्लांटचे नियोजन. दातांचे स्कॅन आणि सीबीसीटी एकमेकांवर ठेवून स्क्रू नेमका कुठे आणि किती खोल बसवायचा हे आधी ठरवता येते. खालच्या जबड्यातली नस आणि वरच्या जबड्यातली हवेची पोकळी जवळ असते तेव्हा याचे महत्त्व वाढते.

आता मर्यादा पाहू. स्कॅनर म्हणजे एक प्रकारचा कॅमेराच आहे. प्रकाश जिथे पोहोचतो तेवढेच त्याला दिसते. दाताची कड हिरडीखाली खोल गेली असेल, हिरडीतून रक्त येत असेल किंवा लाळ साचत असेल, तर माप बिघडते. अशा वेळी हिरडी बारीक दोरीने बाजूला सारावी लागते, रक्त थांबवावे लागते. हे काम जुन्या पद्धतीतही करावेच लागते. यंत्र ते करत नाही.

दुसरी मर्यादा लांबीची. स्कॅनर छोटी छोटी चित्रे जोडत पुढे जातो. प्रत्येक जोडणीत सूक्ष्म फरक राहू शकतो. एक-दोन दातांत तो नगण्य असतो, पण पूर्ण जबडाभर इम्प्लांटवर एकसंध दात बसवायचे असतील तर तोच फरक साठत जातो. तिथे अधिक काळजी लागते आणि अनेक डॉक्टर आजही रबरी माप घेतात किंवा दोन्ही पद्धती ताडून पाहतात.

तिसरी मर्यादा पूर्ण कवळीची. एकही दात नसलेल्या तोंडात ओलसर, गुळगुळीत हिरडी असते. चित्रे जुळवायला खुणा सापडत नाहीत. शिवाय कवळी घट्ट बसते ती ओठ, गाल आणि जीभ हलताना तिच्या कडा कशा राहतात यावर. हे हलते माप मसाल्याने नीट घेता येते. डिजिटल कवळ्या बनतात, पण आजीची कवळी सैल असेल तर "स्कॅनर असलेला दवाखाना शोधा" हा योग्य सल्ला नव्हे. कवळ्यांचा अनुभव असलेला डॉक्टर शोधावा.

आपल्याकडची आणखी एक अडचण सांगायला हवी. सुपारी आणि गुटख्यामुळे तोंड उघडणे कमी झालेले, म्हणजे सबम्यूकस फायब्रोसिसचे रुग्ण महाराष्ट्रात कमी नाहीत. त्यांच्या तोंडात मापाचा ट्रे जात नाही. स्कॅनरचे टोक ट्रेपेक्षा लहान असले तरी शेवटच्या दाढेपर्यंत ते नेणे अवघडच असते. अशा रुग्णाला यंत्रापेक्षा आधी व्यसन बंद करणे आणि त्या आजाराचा उपचार गरजेचा असतो, कारण हा आजार पुढे कर्करोगात बदलू शकतो.

ज्या दवाखान्यात मुख्यतः फिलिंग, रूट कॅनल, दात काढणे आणि कवळ्या एवढीच कामे होतात, तिथे महागडा स्कॅनर कपाटात पडून राहू शकतो. त्या डॉक्टरने तो न घेणे शहाणपणाचे आहे.

दुसरा हिशेब: पैसा

तोंडातल्या स्कॅनरच्या किमती काही लाखांपासून वीस लाखांच्या पुढेही जातात. मिलिंग यंत्र आणि भट्टी घेतली तर आणखी बरेच लाख लागतात. त्याशिवाय ताकदवान संगणक, काही कंपन्यांची सॉफ्टवेअरची वार्षिक फी, स्कॅनरची बदलायची टोके आणि देखभाल असते.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. स्कॅनर 9 लाखांचा आणि तो 5 वर्षे चालेल असे धरू. म्हणजे महिन्याला 15,000 रुपये. देखभाल आणि इतर खर्च महिन्याला 5,000 धरला तर एकूण 20,000 रुपये. व्याज वेगळे. महिन्याला 10 कॅप होत असतील तर प्रत्येक कॅपवर 2,000 रुपयांचा भार पडतो. 50 कॅप होत असतील तर 400 रुपयांचा. मापाचा मसाला, ट्रे, कुरिअर यांचे एका कॅपमागे 400 रुपये वाचतात असे मानले, तर 50 कॅपवाल्या दवाखान्यात यंत्र आपला खर्च आपणच भरून काढते. 10 कॅपवाल्या दवाखान्यात ते शक्य नाही. अर्थात पुन्हा माप घ्यावे न लागणे, वेळ वाचणे हे फायदे यात धरलेले नाहीत, तरी चित्र साधारण असेच राहते.

इथे रुग्णाचा संबंध येतो. कमी कॅप होणाऱ्या दवाखान्याने मोठे यंत्र कर्जावर घेतले तर तीन गोष्टी होऊ शकतात. कॅपचा दर वाढतो. डॉक्टर स्वतः तोटा सोसतात. किंवा कॅपची संख्या वाढवण्याचा दबाव तयार होतो. बहुतेक डॉक्टर या दबावाला बळी पडत नाहीत, पण दबाव असतो हे रुग्णाने जाणून असावे.

कारण कॅपसाठी दात घासला की तो भाग परत येत नाही. पूर्ण कॅपसाठी दाताच्या सर्व बाजूंनी साधारण 1 ते 2 मिलिमीटर थर काढावा लागतो. रूट कॅनल झालेल्या, बरीच झीज किंवा कीड झालेल्या दाढेला कॅप लागते आणि ती वेळेवर बसवली तर दात तुटण्यापासून वाचतो. लहान किडीला फिलिंग पुरते. रूट कॅनल झालेला पण बराचसा शाबूत पुढचा दात प्रत्येक वेळी कॅप मागत नाही. मधल्या अवस्थेत दाताचा काही भागच झाकणारे काम करता येते. म्हणून कॅप सुचवली की "याऐवजी फिलिंग किंवा अर्धी कॅप चालेल का? नसेल तर का नाही?" असे जरूर विचारा. चांगला डॉक्टर एक्स-रे किंवा फोटो दाखवून कारण सांगतो.

हाच मुद्दा "डिजिटल स्माइल डिझाइन"ला लागू होतो. पडद्यावर दिसणारे हसू हे चित्र असते. त्यासाठी निरोगी दात घासायचे असतील तर आधी तोच आकार दातांवर तात्पुरता बसवून दाखवायला सांगा. आरशात पाहा, बोलून पाहा, घरच्यांना दाखवा आणि मग ठरवा.

तिसरा हिशेब: माणसे, लॅब आणि वीज

यंत्र विकत घेणे एका दिवसाचे काम आहे. ते हाताखाली यायला वेळ लागतो. स्कॅनर कोणत्या क्रमाने फिरवायचा, जीभ आणि गाल कसे दूर ठेवायचे, कडा स्पष्ट आली की नाही हे पडद्यावर कसे ओळखायचे, याचा सराव डॉक्टर आणि सहायक दोघांनाही लागतो. सुरुवातीच्या रुग्णांना जास्त वेळ बसावे लागते.

लॅबही तयार हवी. ज्या लॅबशी डॉक्टरांचे वर्षानुवर्षे जुळले आहे ती फाइल स्वीकारते का, तिथला तंत्रज्ञ आराखडा नीट करतो का, हे पाहावे लागते. मुंबई-पुण्यात पर्याय बरेच असतात. तालुक्याच्या गावी लॅबवाला बदलणे म्हणजे सगळी घडी बदलणे. उलट, जिथे माप कुरिअरने दुसऱ्या शहरात जाते तिथे फाइल काही मिनिटांत पोहोचते, हा मोठा फायदा आहे. अंतर जेवढे जास्त तेवढा तो अधिक जाणवतो.

वीज आणि इंटरनेट या साध्या गोष्टीही मोजाव्या लागतात. मिलिंग चालू असताना वीज गेली तर काम वाया जाते. भट्टीला इन्व्हर्टर पुरेलच असे नाही. यंत्र बिघडले तर अभियंता किती दिवसांत येतो आणि तोवर पर्यायी सोय काय, हे विचारूनच डॉक्टरने खरेदी करावी. स्कॅनर असलेल्या दवाखान्यातही मापाचा मसाला कपाटात ठेवलेला असावा.

दवाखान्यांच्या तीन वाटा आणि तुमच्यासाठी त्यांचा अर्थ

पहिली वाट: माप मसाल्याने, पुढचे काम डिजिटल लॅबमध्ये. यंत्राचा खर्च दवाखान्यावर नाही. फेऱ्या साधारण दोन. माप काळजीपूर्वक घेतले तर कॅप उत्तम बसते. लहान दवाखान्यांसाठी ही वाट पूर्णपणे योग्य आहे.

दुसरी वाट: दवाखान्यात स्कॅनर, कॅप लॅबमध्ये. फेऱ्या दोनच, पण माप सुसह्य आणि चुका कमी. काही ठिकाणी दोन-तीन डॉक्टर मिळून एक स्कॅनर वापरतात किंवा ठरावीक दिवशी तो मागवतात. कमी कॅप होणाऱ्या दवाखान्याला हा व्यवहार्य मार्ग आहे.

तिसरी वाट: स्कॅनर, मिलिंग आणि भट्टी सगळे दवाखान्यातच. कॅप एका दिवसात, तात्पुरती कॅप लागत नाही. बाहेरगावाहून येणाऱ्यांना किंवा थोड्या दिवसांच्या सुट्टीवर परदेशातून आलेल्यांना हे सोयीचे. मात्र एका दिवसात म्हणजे पाच मिनिटांत नव्हे; दोन-तीन तास किंवा जास्तही बसावे लागते. शिवाय ज्या दाताभोवतीची हिरडी सुजलेली आहे किंवा ज्याचे रूट कॅनल नुकतेच होऊन दुखणे शमलेले नाही, त्याला घाईने कॅप बसवू नये. तिथे थांबणे हाच उपचार असतो.

एक्स-रे यंत्रांचे नियम

तोंडातल्या स्कॅनरमध्ये किरणोत्सर्ग नसतो. गरोदर स्त्री किंवा लहान मूल यांनाही त्या कारणाने भीती नाही. सीबीसीटीचे तसे नाही. त्याचा डोस दाताच्या लहान एक्स-रेपेक्षा अनेक पटींनी जास्त असू शकतो. म्हणून साध्या फिलिंगसाठी किंवा "आधी एकदा सगळे पाहून घेऊ" म्हणून सीबीसीटी करू नये. त्यातून उपचार बदलणार असेल तरच करावा आणि शक्य असेल तिथे फक्त लागणाऱ्या भागाचाच करावा. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर एक्स-रेआधी नक्की सांगा.

भारतात एक्स-रे यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे, म्हणजे एईआरबीचे नियंत्रण असते. दंत एक्स-रे आणि सीबीसीटी यंत्रांनाही हे नियम लागू आहेत. दवाखान्याकडे ही परवानगी आहे का, असे विचारण्यात काहीही गैर नाही.

स्वच्छता आणि तुमची माहिती

स्कॅनरचे टोक एका रुग्णाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाते. ते ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेले किंवा एकदाच वापरायचे हवे. नुसते स्पिरिटने पुसणे पुरेसे नाही.

तुमच्या दातांचे स्कॅन ही तुमच्या आरोग्याची माहिती आहे. ती लॅबकडे आणि अनेकदा कंपनीच्या सर्व्हरवर जाते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी देशात 2023 मध्ये कायदा झाला आहे. तुमचे फोटो किंवा स्कॅन जाहिरातीत वापरायचे असतील तर डॉक्टरांनी तुमची संमती घ्यायला हवी. दुसरीकडे या फाइलचा तुम्हालाही उपयोग आहे. तिची प्रत मागून ठेवा. गाव बदलले, डॉक्टर बदलले तर कामी येते.

यंत्राने न बदलणाऱ्या गोष्टी

कॅप किती वर्षे टिकेल हे पुढील गोष्टींवर ठरते: आतली कीड पूर्ण काढली का, रूट कॅनल नीट झाले आहे का, दाताची कड स्वच्छ घासली का, सिमेंट लावताना दात कोरडा होता का, चावताना कॅप उंच लागत नाही ना, आणि नंतर तुम्ही तिची निगा राखता का. यातले एकही काम स्कॅनर करत नाही.

कॅपसोबत मिळणाऱ्या वॉरंटी कार्डाबद्दलही गैरसमज असतो. ते साधारणपणे कॅप फुटण्याविषयी असते. कॅपखालच्या दाताला पुन्हा कीड लागली किंवा हिरडीचा आजार झाला तर कार्डाचा उपयोग होत नाही. कार्डावरच्या अटी वाचा आणि ते जपून ठेवा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

1. या दाताला कॅपच का हवी? दुसरा पर्याय आहे का?
2. कॅप कशाची असेल: झिरकोनिया, काचेसारखे सिरॅमिक की मेटल-सिरॅमिक? माझ्या दातासाठी हीच का?
3. माप कसे घेणार आणि या दातासाठी ती पद्धत का?
4. एकूण किती फेऱ्या आणि सगळे धरून किती खर्च? डिजिटल म्हणून वेगळे पैसे आहेत का?
5. कॅप नीट बसली नाही तर पुन्हा बनवण्याचा खर्च कोणाचा?
6. सीबीसीटी सुचवला असेल तर त्यातून माझ्या उपचारात काय बदलेल?
7. स्कॅनची प्रत मला मिळेल का?

या प्रश्नांना शांतपणे आणि समजेल अशी उत्तरे मिळाली तर दवाखान्यात कोणते यंत्र आहे याची फार काळजी करू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*डिजिटल कॅप जास्त टिकते का?*
माप घेण्याच्या पद्धतीवरून टिकाऊपणा ठरत नाही. कॅपचे साहित्य, दाताची तयारी, चावण्याची सवय आणि स्वच्छता यांवर तो ठरतो. रात्री दात खाण्याची सवय असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

*स्कॅनिंग करताना दुखते का?*
नाही. घासलेला दात जिवंत असेल तर हवेने थोडी सणक येऊ शकते, म्हणून भूल असतानाच स्कॅन करतात.

*घरबसल्या अलाइनर मागवले तर चालतील का?*
स्कॅन केल्यावर दातांचा वरचा आकार दिसतो, हाड आणि मुळे दिसत नाहीत. तपासणी आणि एक्स-रे न करता दात हलवले तर हिरड्या कमजोर असलेले दात सैल होऊ शकतात. दंतवैद्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच उपचार घ्या.

*खर्च झेपत नसेल तर?*
मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत, तसेच गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात खासगी दवाखान्यापेक्षा कमी दरात उपचार होतात. फेऱ्या जास्त होतात, पण काम तज्ज्ञ अध्यापकांच्या देखरेखीखाली होते.

कॅप बसवल्यावर डॉक्टरांना केव्हा भेटावे?

चावताना कॅप आधी लागते असे वाटले तर "सवय होईल" म्हणून थांबू नका. दोन-तीन दिवसांत जाऊन ती घासून घ्या. कॅप हलत असेल, त्या फटीत रोज अन्न अडकत असेल, हिरडीतून रक्त येत असेल किंवा गरम-थंडाची सणक वाढत जात असेल तर वेळ घ्या. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास ही लक्षणे असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात जा.

आणि कॅप कोणत्याही पद्धतीने बनलेली असो, दिवसातून दोनदा ब्रश, कॅपच्या कडेने रोज फ्लॉस आणि सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नका. कॅपला कीड लागत नाही. तिच्या कडेखालच्या तुमच्या दाताला लागते.